घड्याळ नसलेले गाव

दिवाळी अंक हाती पडला की तो वाचण्याचा माझा एक क्रम ठरून गेला आहे. आधी व्यंगचित्रे, मग विश्वास नसला तरी राशिभविष्य, आणि लगेच प्रवासवर्णन. कथा-कविता फराळ पचल्यावर, निवांत दुपारी. प्रवासवर्णनाचा नंबर इतका वर लागतो याचे कारण असे की, दिवाळीत घर माणसांनी भरलेले असते, गृहस्थाला उंबरठ्याबाहेर पाऊल टाकण्याची सोय नसते. अशा वेळी दुसऱ्याच्या पायांनी चार गावे हिंडून येण्यात मोठे सुख असते.

एके काळी ही गावे लंडन, पॅरिस, फार तर काश्मीर अशी असत. आता शेजाऱ्यांची मुलगीच लंडनला नोकरी करते, त्यामुळे त्या गावाचे अप्रूप उरलेले नाही. अप्रूप उरले आहे ते जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातल्या, मेळघाटातल्या किंवा भामरागडच्या रानातल्या एखाद्या पाड्याचे. पाठीवर सॅक टाकायची, एस्टीच्या शेवटच्या थांब्यावर उतरायचे, पुढची वाट पायी तुडवायची, एखाद्या आदिवासी कुटुंबाच्या घरी चार दिवस राहायचे आणि परत आल्यावर त्यावर लेख लिहायचा. असे लेख आता इतके झाले आहेत की त्यांना एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानायला हरकत नाही. मी त्याला मनाशी 'पाड्यावरचे चार दिवस' असे नाव दिले आहे.

वाङ्मयप्रकार म्हटला की त्याची परीक्षा आली. कादंबरीची होते, नाटकाची होते, मग याचीच का होऊ नये? शिवाय ही परीक्षा करण्याचा थोडासा अधिकार मला आहे. असा एक लेख मी स्वतः लिहिलेला आहे. आणि तो वाईट आहे हे मला फार उशिरा, आणि तेही कोणा टीकाकाराकडून नव्हे, तर ज्या घरावर तो लिहिला त्याच घराच्या ओट्यावर बसून कळले.

२

आधी या प्रकाराचा साचा पाहू. आरंभी रस्ता संपतो. मग मोबाइलची रेंज जाते, आणि ती गेल्याचा लेखकाला आनंद होतो. नंतर चुलीपुढची आजी येते. ती नाचणीची भाकरी थापते, आणि तशी भाकरी लेखकाने जन्मात खाल्लेली नसते. रात्री चांदणे पडते. तारपा वाजू लागतो, माणसे एकमेकांच्या कमरेला हात घालून फेर धरतात, आणि लेखकही चार पावले चुकत नाचतो. मुलांकडे खेळणी नसतात, पण ती हसत असतात. शेवटच्या परिच्छेदात निष्कर्ष येतो: यांच्याकडे काही नाही, तरी हे सुखी आहेत, आपल्याकडे सारे काही आहे, तरी आपण दुःखी आहोत. लेखक जड पावलांनी परत निघतो. सॅकमध्ये एक वारली चित्र असते.

यातले काही खोटे असते असे मला म्हणायचे नाही. भाकरी खरोखरच गोड असते. पाहुणचार तर इतका मनापासून असतो की आपल्या शहरी आतिथ्याची आपल्यालाच लाज वाटावी. या हिंडणाऱ्या तरुण-तरुणींची टवाळी करणाऱ्यांतलाही मी नाही. मोटारीची काच खाली करून फोटो काढणाऱ्यापेक्षा शेणाने सारवलेल्या जमिनीवर चार रात्री निजणारा माणूस केव्हाही बरा. त्याने निदान पायांना त्रास दिलेला असतो.

माझा आक्षेप व्याकरणाचा आहे. वाचकांनी हसू नये; व्याकरणात माणसाची दृष्टी कशी सापडते ते पाहण्यासारखे आहे. हा लेखक स्वतःबद्दल लिहितो तेव्हा भूतकाळ वापरतो: 'मी उतरलो', 'मी चाललो', 'मला ठेच लागली'. पाड्याबद्दल लिहू लागला की मात्र तो रीतिवर्तमानात शिरतो: 'इथे पहाट कोंबड्याच्या आरवण्याने होते', 'इथे कोणाला घाई नसते', 'ही माणसे उद्याची चिंता करत नाहीत'. तो राहिला चार दिवस, त्याने पाहिल्या चार पहाटा. 'इथे रोज' म्हणण्याचा परवाना त्याला कोणी दिला? लेखकाच्या आयुष्यात घटना घडतात, पाड्याच्या आयुष्यात फक्त रीती असतात. लेखक बदलून परत येतो, पाडा होता तसाच मागे राहतो. थोडक्यात, लेखकाने काळ आपल्याकडे ठेवून घेतलेला असतो आणि यजमानांच्या वाट्याला नुसता देखावा येतो.

माझ्या मते या साऱ्या प्रकाराचे मर्म, आणि त्याचा दोषही, इथेच आहे. बाकीचे दोष, म्हणजे अलंकारांचा सोस, चांदण्याचा अतिरेक, हे किरकोळ आहेत. ते वयाबरोबर जातात. हा मात्र जात नाही. माझा तरी गेला नव्हता.

३

बारा-तेरा वर्षांपूर्वी आश्विनाच्या अखेरीस मी जव्हार तालुक्यातल्या एका वारली पाड्यावर चार दिवस राहिलो. आपल्याकडे वसुबारस असते त्या दिवशी तिकडे वाघबारस असते. आपण गाय-वासराची पूजा करतो, ते वाघोबाची करतात. गुरे ज्याच्या रानात चरायची त्याची मर्जी राखलेली बरी, हा त्यातला व्यवहार मला आपल्या पूजेइतकाच समंजस वाटला. हळवे भात नुकतेच घरात आले होते. कणगीत दाणा होता, अंगणात उकडलेल्या कंदांचा वास होता, आणि तारपा तर होताच. भोपळ्याचा तो फुगीर, लांबलचक वाजवायचा प्रकार एकदा कानाशी ऐकला की रात्रभर डोक्यात घुमत राहतो. माणसे आनंदात होती. मीही होतो.

परत आल्यावर लेख लिहिला. तो एका दिवाळी अंकात छापून आला. त्यातले एक वाक्य बऱ्याच जणांना आवडले. ते असे होते: 'या घरात घड्याळ नाही, म्हणूनच येथे सर्वांना वेळ आहे.' एका वाचकाने हे वाक्य आपल्या कचेरीत टेबलाच्या काचेखाली ठेवल्याचे पत्राने कळवले. मी फुशारून गेलो. अंकाची एक प्रत पाड्यावरच्या यजमानांच्या मुलाला आश्रमशाळेच्या पत्त्यावर पाठवली आणि विषय मिटला असे समजलो.

गेल्या पौषात दुसऱ्या कामाने जव्हारला जाणे झाले. म्हटले, पाड्यावर डोकावून यावे. चढ चढून गेलो तर वाडीतली निम्म्याहून अधिक दारे बंद होती. कड्यांना तारा गुंडाळलेल्या. अंगणातली सारवण उडालेली. त्या घराच्या ओट्यावर आजी तेवढी बसली होती, जवळ एक शेळी. आजीने मला बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाली, "तू तो पिशवीवाला." माझे नाव तिच्या ध्यानात नव्हते, सॅक होती. मग म्हणाली, "आता कशाला आलास बाबा? आता इथं कोणी नाही. दिवाळीला यायचं."

हे तिने टोचून म्हटले नव्हते. पाहुण्याची गैरसोय होईल म्हणून ती हळहळत होती. पाहुणे कोणत्या महिन्यात येतात हे तिला पाठ होते. ती कोणत्या महिन्यात एकटी असते हे मात्र मला बारा वर्षांत ठाऊक नव्हते.

घरची माणसे भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली होती. जव्हार-मोखाड्याकडच्या असंख्य घरांचा हाच क्रम आहे. पावसाळी भात आणि उतारावरची नागली-वरई एवढ्यावर वर्ष निघत नाही. दिवाळी झाली, मळणी उरकली की चूल-भांडी, कोंबड्या आणि पोरे ट्रकमध्ये घालून भट्टीवर जायचे, आणि शिमग्याच्या सुमारास किंवा त्याही नंतर परत यायचे. मग राब भाजायचा, पावसाची वाट पाहायची. भट्टीच्या मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. ती विटा पाडून फेडायची, हजार विटांमागे ठरलेल्या दराने.

यजमानांचा मुलगा त्या दिवशी योगायोगाने घरी होता. आजीला दवाखान्यात न्यायला तो भट्टीवरून आला होता. आता तो पंचविशीचा, दोन मुलांचा बाप. त्याने माळ्यावरून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. तीत रेशनकार्ड, शाळेचा दाखला आणि माझा लेख असलेला तो अंक होता. अंक इतका जपलेला पाहून मला भरून आले. तो म्हणाला, "सर, मी घरात सगळ्यांना वाचून दाखवला होता. चांगलं लिहिलंय. पण घड्याळ नाही असं लिहिलंय, ते चुकलं. घड्याळ तेव्हाही होतं. आईच्या उशाशी असायचं. भट्टीचा ट्रक पहाटे चारला येतो. घड्याळ नसलं तर गाडी कशी गावणार?"

मी म्हणालो, "माझ्या लक्षात आलं नसेल." तो म्हणाला, "असेल," आणि चहा ठेवायला आत गेला.

४

घरी आल्यावर मी त्या प्रवासाची जुनी वही शोधून काढली. तिसऱ्या दिवसाच्या पानावर माझ्याच अक्षरात स्पष्ट लिहिलेले होते: 'आईच्या उशाशी गजराचे घड्याळ, हिरवे, काच फुटलेली.' त्याच पानावर खाली आणखी एक नोंद होती: 'दुपारी एक मनुष्य मोटारसायकलवर आला. ओट्यावर बसून वही काढली. पैसे दिले, अंगठे घेतले. कोण?' त्या 'कोण?'चा शोध मी केला नव्हता. तो मुकादम होता, आणि त्या आनंदाच्या दिवसांत तो उचल वाटीत हिंडत होता.

म्हणजे मला घड्याळ दिसले नव्हते असे नव्हे. दिसले होते, टिपलेही होते, आणि लिहिताना गाळले होते. कोणाला फसवायचे म्हणून नव्हे. वाक्य बिघडत होते म्हणून. वाङ्मयीन साच्याचे बळ किती असते पाहा. 'पाड्यावरचे चार दिवस' या प्रकाराला घड्याळ नको असते, मुकादम नको असतो. त्याला कोंबडा आणि चांदणे हवे असते. लेखक प्रामाणिक असला तरी प्रकार त्याच्या हातून हवे ते काढून घेतो. म्हणूनच अशा लेखकाला 'तू खोटे लिहिलेस' म्हणून काही उपयोग नाही. त्याला विचारायचे ते असे: बाबा रे, वहीत होते आणि लेखात आले नाही असे काय काय राहिले?

आणि त्याहून साधा प्रश्न: तू कोणत्या महिन्यात गेला होतास? सॅकवाला पाहुणा आश्विन-कार्तिकात येतो. हवा छान असते, डोंगर हिरवे असतात, कणगीत दाणा असतो. वर्षातले सर्वांत भरले पंधरा दिवस तो पाहतो आणि त्यांनाच त्या गावाचा स्वभाव समजतो. श्रावण-भाद्रपदात, जुना दाणा संपलेला आणि नवा शेतात उभा असताना, तो येत नाही. याच जव्हार तालुक्यातले वावर-वांगणी हे नाव १९९२-९३ साली कुपोषणाने दगावलेल्या बालकांमुळे साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाले. तेथेही कोंबडे आरवत होतेच. 'यांना उद्याची चिंता नाही' हे वाक्य त्या ओट्यावर बसून लिहिण्याची कोणाची छाती झाली असती?

५

आता कोणी म्हणेल, चार दिवसांच्या पाहुण्याकडून तुम्ही फारच मागता. म्हणून अधिक काळ राहिलेल्यांची दोन-तीन पुस्तके कसोटीला लावून पाहू.

व्हेरिअर एल्विन हा ऑक्सफर्डला शिकलेला इंग्रज १९२७ साली भारतात आला, काही काळ पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात राहिला आणि १९३२ साली शामराव हिवाळे या आपल्या मित्रासह मंडला जिल्ह्यातल्या करंजिया या गोंड गावी जाऊन बसला. पाड्यावर जाणाऱ्या आजच्या सॅकवाल्यांचा तो एका अर्थी मूळपुरुषच. त्याचे 'लीव्ह्ज फ्रॉम द जंगल' हे पुस्तक १९३६ साली निघाले. ते रोजनिशीच्या रूपात आहे, आणि माझ्या मते त्याचे निम्मे यश या रूपात आहे. रोजनिशीला तारीख असते. तारीख आली की 'इथे नेहमी' म्हणता येत नाही. 'आज असे झाले' एवढेच म्हणावे लागते. शिवाय त्यात विनोद आहे, आणि तो बऱ्याचदा लेखकाच्या स्वतःच्याच फजितीवर आहे. पाहणारा माणूसही तिथे पाहिला जात आहे याची जाणीव त्यातून सतत राहते.

पुढे १९३९ च्या 'द बैगा' या मोठ्या ग्रंथात त्याने बैगांची बेवर, म्हणजे राख पेरून करायची फिरती शेती, सरकारी जंगल-नियमांनी कशी आखडत नेली याची हकीकत मांडली. म्हणजे काळ त्याला दिसत होता. पण त्याच ग्रंथात त्याने या लोकांसाठी एक राखीव प्रदेश, एक प्रकारचे 'राष्ट्रीय उद्यान', असावे असे सुचवले, आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला! डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ साली आपल्या ग्रंथात त्याचा कडक प्रतिवाद केला. नंतर एल्विनने स्वतःच ती कल्पना सोडली. ईशान्य सीमेवरच्या प्रदेशात सल्लागार असताना आदिवासींना संग्रहालयातल्या वस्तूंसारखे जतन करणे आपल्याला नको आहे असे त्याने लिहिले. ही गोष्ट सांगायची ती एवढ्यासाठी की, ज्याने काळ पाहिला होता त्यालाही काळ थांबवण्याचा मोह पडला. मग चार दिवसांच्या पाहुण्याला पडला तर नवल नाही. फरक इतकाच की एल्विनला प्रतिवाद ऐकावा लागला. आपल्या लेखांना वाहवा मिळते.

दुसरे पुस्तक आपल्या घरचे, आणि नेमके वारल्यांचे: गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०). याला १९७२ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. गोदावरीबाईही वारल्यांच्या झोपड्यांत राहिल्या, त्यांची भाकरी खाल्ली, त्याच डोंगरवाटा चालल्या. पण पुस्तकाच्या नावाकडे पाहा. पहिलाच शब्द 'जेव्हा' आहे. आमच्या साऱ्या 'पाड्यावरच्या चार दिवसां'त जो शब्द सापडत नाही तो इथे मुखपृष्ठावर आहे.

या 'जेव्हा'चे उत्तर आहे १९४५. त्या वर्षीच्या मे महिन्यात झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राबायचे नाही असे त्यांनी ठरवले. लग्नगडी हा शब्द तरुण वाचकांना ठाऊक नसेल. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवऱ्याने, बरोबर बायकोनेही, त्याच्या घरी राबायचे; बापाचे फिटले नाही तर मुलाने राबायचे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी पडले. म्हणजे आपण चांदण्यात ज्या ऋतूत तारपा ऐकायला जातो त्याच ऋतूत, त्याच टापूत. 'शतकानुशतके येथे काही बदललेले नाही' असे लिहिणाऱ्याने एवढी एक तारीख तरी जवळ ठेवावी.

गोदावरीबाईंचे पुस्तक कार्यकर्तीचे आहे. त्यात एक बाजू घेतलेली आहे आणि ती लपवलेली नाही. निवांत सौंदर्य शोधणाऱ्याला ते रूक्ष वाटेल. पण एक गोष्ट त्यात पुन्हा पुन्हा प्रत्ययाला येते: तिथली माणसे ठरवतात, भितात, चुकतात, पुन्हा उभी राहतात. त्यांना काल होता आणि उद्या आहे. साध्या कथेतल्या पात्राला आपण जेवढा हक्क देतो, तेवढा तिथे जिवंत माणसांना मिळाला आहे. वेठबिगारी रद्द करणारा कायदा पुढे १९७६ साली आला. लग्नगडी गेला. पण ओट्यावर बसून अंगठे घेणारा तो मोटारसायकलवाला आठवला की मला वाटते, या पुस्तकाचे वाचन आधी केले असते तर वहीतल्या त्या 'कोण?'पुढे मी थांबलो नसतो.

तिसरा आवाज पाहिल्या गेलेल्यांचा. शहाद्याच्या चळवळीतून आलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ चा. त्यांच्या एका गाजलेल्या कवितेचा विषय व्यासपीठ हाच आहे: ज्यांचे दुःख ते खाली बसलेले आणि ते सांगणारे भलतेच कोणी वर उभे. ही कविता मी पाड्यावर जाण्याआधीच वाचली होती; आवडलीही होती. ती माझ्याबद्दल आहे हे मात्र मला ओट्यावरचा तो चहा पिईपर्यंत सुचले नव्हते.

६

सॅकमधल्या त्या वारली चित्राचे थोडे सांगून आवरतो, कारण काळ काढून घेण्याचा हा खेळ त्यात फार सहज दिसतो.

लेखात ते नेहमी 'हजारो वर्षांची कला' म्हणून येते. मुळात हे चित्र भिंतीचे, आणि लग्नाचे. कुडाच्या भिंतीला शेणामातीचा आणि गेरूचा हात द्यायचा, तांदळाच्या पिठीत बांबूची काडी बुडवायची आणि सुवासिनींनी लग्नचौक लिहायचा. मध्ये पालघट देवी. तो लिहिल्यावाचून लग्न लागत नाही. लग्न लावणारी धवलेरीही बाईच, आणि ते लागते तिच्या गाण्याने. लग्न झाले की चौकाचे काम संपले. धुराने, पावसाने तो पुसट होत जातो. म्हणजे ते चित्र एका घराच्या एका दिवसाचे होते. त्याला तारीख होती.

कागदावरचे वारली चित्र ही १९७० नंतरची गोष्ट. भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने डहाणूकडच्या पाड्यांवर जाऊन लोकांच्या हाती कागद दिला आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी त्यावर जे केले ते आधी कोणी केलेले नव्हते. १९७५ साली मुंबईच्या शेमूल्ड गॅलरीत त्यांचे प्रदर्शन झाले, १९७६ साली राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते गेले. मासेमारीचे त्यांचे ते अफाट जाळे पाहिले की हा चित्रकार परंपरेत उभा राहून तिच्यापुढे किती चालत गेला ते कळते. बायकांनी भिंतीवर लिहायचा चौक पुरुषाने कागदावर घेतला, लग्नाचे चित्र शेताचे, समुद्राचे आणि दंतकथांचे झाले, हा केवढा बदल! त्यात मिळवले किती आणि हरवले किती याचा हिशेब मांडण्याजोगा आहे. पण 'हजारो वर्षांची, जशीच्या तशी' असे एकदा म्हटले की तो हिशेबच संपतो. बिचारे म्हसे कलावंत म्हणून उरत नाहीत. परंपरेचा एक हात एवढेच उरतात.

७

मग पाड्यावर जाऊच नये काय? अवश्य जावे. एकमेकांच्या घरी जेवल्यावाचून माणसे एकमेकांची होत नाहीत, आणि मुंबई-पुण्याच्या मुलांना ही वाट तुडवावीशी वाटते ही मी चांगलीच खूण मानतो. लिहावेही. फक्त तीन साधी पथ्ये पाळावीत. जमले तर दोनदा जावे, आणि दुसऱ्यांदा गैरसोयीच्या महिन्यात. 'इथे नेहमी' लिहिण्याऐवजी 'त्या दिवशी' लिहावे. वाक्य थोडे कमी गोड होईल, पण टिकेल. आणि लिहिलेले ज्यांच्याबद्दल आहे त्यांना छापण्याआधी वाचून दाखवावे. आता पाड्या-पाड्यावर शिकलेली मुले आहेत. आपले मुद्रितशोधन ती आपल्यापेक्षा बरे करतील.

वाचकांचेही एक काम आहे. यंदा फराळाचे ताट शेजारी ठेवून अशा लेखाचे पान उघडाल तेव्हा तो आवडीने वाचा, आजीच्या भाकरीचा वास घ्या. फक्त अधूनमधून विचारा, हा कोणता महिना आहे? पुढच्या महिन्यात या घरात कोण असेल? एवढ्याने लेखातली गोडी जाणार नाही. आपण ज्यांच्याकडे पाहत आहोत ती माणसे आहेत, एवढे मात्र ध्यानात राहील.

माझ्या त्या वाक्याची दुरुस्ती कुठे छापायची हा प्रश्न होता. ती येथे करतो. त्या घरात घड्याळ होते. हिरवे होते, काच फुटलेली होती, आणि त्याचा गजर पहाटे तीनचा लावलेला असे.

या अंकाचीही एक प्रत त्या मुलाला पाठवायची आहे. तो म्हणाला होता, "पाठवा, पण लवकर पाठवा." दिवाळी सरली की दाराला तार गुंडाळली जाईल, आणि मग पत्ता भट्टीचा घ्यावा लागेल.